जागेवर पळणारी गाडी

वीरण्णांचा ट्रक दारात उभा राहूनच पळायचा. चाकं जागच्या जागी, आणि इंजिन मात्र औसा गाठायला निघाल्यासारखं. पाय रेसवर नसतानाही आवाज असा चढायचा की समोरच्या डाळ मिलचा वॉचमन कानाभोवती उपरणं गुंडाळून घ्यायचा. गिअर टाकताना दात करकरायचे, आणि क्लच सोडला की गाडी बुजलेल्या बैलासारखी पुढं उसळायची.

वीरण्णा होते तोवर हे असलं काही नव्हतं. त्यांना जाऊन दीडेक महिना झाला होता. गाडी त्यानंतर पहिल्यांदा चालू केली तेव्हापासून हे दुखणं लागलं, आणि गल्लीतल्या प्रत्येकाकडं त्याचं निदान तयार होतं. किराणावाला म्हणाला, डिझेलमध्ये रॉकेल आलंय. शेजारीण म्हणाली, नजर लागली. नव्यानं ठेवलेला ड्रायव्हर लिंबाजी लोहा गावचा. त्याचं म्हणणं तर अगदी पक्कं होतं.

"गाडी रडून राहिली, ताई. मालक गेल्यावर बैल न्हाई का हंबरत दावणीला?"

"बैल हंबरतो, लिंबाजी. डिझेल पीत नाही," महादेवी म्हणाली.

महादेवी ही वीरण्णांची एकुलती एक लेक. नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती, सुटी टाकून लातूरला आली होती. आल्यापासून अप्पांच्या सगळ्या वस्तू तिनंच आवरल्या. सदरे वाटून टाकले, चष्मा कपाटात ठेवला, वहाणा मिलच्या हमालाला दिल्या. ट्रकच्या केबिनमध्ये मात्र ती चढली नव्हती. तिथं अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, अप्पांचा फोटो लावला होता.

"लई झकास आलाय गं. बघून तरी ये," अव्वा म्हणायची.

"बघते," म्हणून महादेवी राखेनं भांडी घासायला बसायची.

राखेनंच, कारण पाण्याची बोंब होती. लातूरचा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या पाट्या. पाणी तेवढं कुणी नवं आणलं नव्हतं. विहिरींनी तळ दाखवला होता आणि कचेरीला गावोगाव पाणी पोचवायला गाड्या हव्या होत्या. ट्रकवर टाकी बसवून झाली होती. उद्या सकाळी साहेब गाड्या बघणार होते. टँकर गावात शिरला की बायापोरं घागरी घेऊन चाकांना चिकटतात. अशी उसळणारी गाडी कोण घेईल? आणि उद्या नकार आला तर गाडी उदगीरच्या भंगारवाल्याला द्यायची, असं अव्वानं ठरवून टाकलं होतं. तो तिचे तुकडे करून लोखंड नेणार होता.

 महादेवीनं गुरुबसप्पा मिस्त्रींना निरोप धाडला.

मिस्त्री वीरण्णांचे जुने दोस्त. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि पट्ट्यांवर ग्रीसचं एक बोट. आले ते आधी पायरीवर चढले, केबिनमधल्या फोटोला हात जोडले.

"वीरण्णा, तुझ्या गाडीला हात लावून राहिलो. राग मानू नको बाबा." मग खाली उतरून त्यांनी बॉनेट उघडलं. "हां, लिंबाजी, कर चालू. बघू कशी रडते."

गाडी बोंबलली. गाडी उभी असताना इंजिन संथ ठेवणारा एक स्क्रू डिझेलच्या पंपावर असतो. मिस्त्रींनी तो आत-बाहेर फिरवून बघितला. आवाजात काडीचा फरक नाही.

"हा तर हवेत फिरतोय. लिव्हर याच्यावर टेकतच न्हाई," ते ओरडले आणि त्यांनी पेडलकडून पंपाकडं येणारा रॉड निसटवला.

एकदम शांत. गाडी गुरगुरत राहिली, पोट भरलेल्या मांजरासारखी. मिलचा वॉचमन उपरणं सोडून बघायला आला. अव्वा दारात आली.

"झाली?"

"झाली कुठली, वहिनी! हा रॉड लावल्याबिगर रेस कशी देणार? पण पंप निर्दोष हाय बघा. गरिबाला उगा बदनाम केलं सगळ्यांनी."

रॉड लावला, गाडी पुन्हा बोंबलली. म्हणजे दुखणं रॉडच्या वर होतं. लिंबाजीनं पेडलखालची चटई काढून झटकली, शेंगांची फोलपटं निघाली. पेडल साफ केलं. पेडल परत वर ओढणारी स्प्रिंग बदलली. नवी स्प्रिंगही तशीच ताणलेली राहिली.

मिस्त्रींनी हात पुसले. "वरून कुणीतरी धरून ठेवलंय."

लिंबाजीनं टोपी काढली आणि काचेतून फोटोकडं पाहिलं. "मी काय म्हणत व्हतो?"

"गप ए! चाकाला दगड लाव आणि बॅटरी घेऊन खाली शीर. महादेवी, तू वर बस. मी म्हणेन तवा पेडल दाबायचं आणि सोडायचं."

"मी?"

"मग काय वॉचमनला बसवू? तो क्लचवर पाय दील."

वॉचमन दुखावल्यासारखा दोन पावलं मागं सरला. महादेवीनं पदर खोचला आणि दांडी धरून वर चढली.

केबिनमध्ये विभूतीचा आणि तंबाखूचा वास होता. तिनं पेडलकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं, मिस्त्रींच्या डोक्याकडं पाहिलं. मग बघायला दुसरं काही उरलं नाही.

अप्पा हसत नव्हते. फोटो काढायचा म्हटलं की ते नेहमीच रागावल्यासारखे दिसायचे. झेंडूचा हार वाळून तपकिरी झाला होता. इंजिनाच्या थरथरीनं काच किणकिणत होती.

"दाब!" मिस्त्री ओरडले. तिनं दाबलं. "सोड!" सोडलं.

फोटो पत्र्याला टेकलेला नव्हता. वरचा भाग दोन बोटं पुढं आला होता, जणू अप्पा वाकून रस्ता बघत होते. हा टांगलाय तरी कशावर, असं मनात येऊन तिनं फ्रेमच्या मागं बोटं घातली. खिळा नव्हता. एक गोल, गुळगुळीत मूठ हाताला लागली.

ती मूठ तिच्या ओळखीची होती. थंडीच्या सकाळी अप्पा ती बाहेर ओढायचे. मग पाय न ठेवताही इंजिन चढ्या आवाजात चालत राहायचं, आणि ते गरम होईतोवर अप्पा खाली चहा प्यायचे. चहा संपला की लहानग्या महादेवीला वर उचलायचे. "ढकल आत."

"दाब की!" मिस्त्री खालून ओरडले. "झोपली का काय?"

महादेवीनं फोटो दोन्ही हातांनी उचलला. सुतळी अडकली, ती सोडवावी लागली. हाराच्या पाकळ्या मांडीवर सांडल्या. फोटो पोटाशी धरून तिनं अंगठ्यानं मूठ आत ढकलली.

गाडी शांत झाली.

"कुणी काय केलं?" मिस्त्री पायरीवर आले. त्यांनी उघड्या पडलेल्या मुठीकडं पाहिलं, मग महादेवीकडं, मग कपाळावर हात मारून घेतला. "हातरेस! अरे देवा. फोटोमागं कोण हात घालणार? मी तर नमस्कार करून उतरलो!"

"मी रोज करतो," लिंबाजी गाडीखालून म्हणाला.

अव्वा तावातावानं आली. "मग कुठं टांगू? खिळा ठोकला असता तर ह्यांनीच वर बसून शिव्या घातल्या असत्या, पत्र्याला भोक पाडलं म्हणून! ती खुंटी बरी दिसली. आत गेलेली व्हती, म्हणून ओढली जराशी."

मिस्त्री हसायला लागले, मग वॉचमन, मग अव्वाच तोंडाला पदर लावून हसता हसता रडायला लागली. महादेवी खाली उतरली नाही. फोटोवरची धूळ पदरानं पुसत बसली.

सकाळी साहेबांनी गाडी पुढं घ्यायला लावली, मागं घ्यायला लावली, मध्येच थांबवली. एक म्हातारा बॉनेटला टेकून उभा राहिला तरी ती हलली नाही. साहेबांनी मान डोलावली आणि लिंबाजी टाकी भरायला निघाला. महादेवी शेजारी बसली, फोटो मांडीवर घेऊन.

औशाकडच्या एका वाडीत गाडी थांबली तशी घागरींचा कल्लोळ उठला. पहिल्या नंबराची बाई, पंचफुला नावाची, टाकीची लांब नळी पुढं ओढून घागरीत घालून वर मांडीवरच्या फोटोकडं डोकावली.

"हे कोण गं, माय?"

"माझे वडील. गाडी त्यांची होती," महादेवी म्हणाली. हे वाक्य तिनं अजून कुणाजवळ म्हटलं नव्हतं. ते नीट बाहेर पडलं.

पंचफुलानं मान हलवली, मग एकदम कान टवकारले. "अन् गाडी बंद पडली जणू? परत कशी जाणार रं, बाबा?"

"बंद न्हाई, मावशी. चालू हाय," लिंबाजी म्हणाला. "हात लावून बघा की."

तिनं ओला तळवा बॉनेटवर टेकवला, झटकन मागं घेतला आणि भरत आलेली घागर सावरत मागच्या बाईवर खेकसली, "सरक गं, जित्ती हाय गाडी!"