कोरडे पाटे

रॉस्कोने गाडी आत घेतली तेव्हा मागच्या स्प्रिंगचे कोरडे पाटे किंचाळले. व्हर्नाने हातातला पाना खाली ठेवला. पन्नाशी उलटलेली बाई, कॅन्ससमधल्या या आडगावात स्वतःचं गॅरेज चालवणारी. पण बापाच्या त्या जुन्या पिकअपचा आवाज आला की अजून तिचे हात थंड पडायचे.

"ग्रीस लाव," धाकटा भाऊ उतरता उतरता म्हणाला. "आवाज बंद पाहिजे."

"आज कसं सुचलं? बापाने जन्मात तेल दाखवलं नाही. धूळ चिकटते म्हणायचा."

"म्हातारा मूर्ख होता." रॉस्कोने बियरची बाटली उघडली. "लोरीनला मैलावरून कळतं मी येतोय. दारात पोचतो तर जेवण टेबलावर, बाईसाहेबांच्या तोंडावर हसू. मला बघायचंय, मी नसताना काय चालतं."

व्हर्ना वाकून पाट्यांकडे बघू लागली. गेल्या रविवारी चर्चमध्ये त्याच्या बायकोने, लोरीनने, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा झगा घातला होता. सगळ्या गावाने पाहिला आणि सगळ्या गावाने भजन म्हटलं.

लहानपणी बाप घरी येताना रस्त्यावरच्या मोरीवर हे पाटे करकरले की आई दोघांना वादळात लपायच्या तळघरात ढकलायची आणि वर एकटी उभी राहायची. तिला कुणी वाचवलं नाही, शेजाऱ्यांनी नाही आणि पाद्र्यानेही नाही. पोरांना वाचवलं ते या कोरड्या लोखंडाने.

"तूही होतास तळघरात," ती म्हणाली. "चड्डी ओली करून."

"तोंड चालवू नकोस, हात चालव. वरून तेलाचा फवारा मार नि सोड."

"फवारा आठवडाभर टिकतो. नीट करायचं तर पाटे सुटे करावे लागतील."

"मग कर."

तिने गाडी जॅकवर चढवून लोखंडी टेकूंवर ठेवली, मागची चाकं काढली. पकडून ठेवणारे यू-बोल्ट सोडून दोन्ही बाजूंचे पाटे उतरवले, शिकंज्यात आवळले, मधले बोल्ट काढले आणि एकेक पाटा फरशीवर मांडला. रॉस्को खुर्चीत पाय पसरून तिच्या लठ्ठपणावर विनोद करत होता. ग्रीसच्या डब्याला तिने हातही लावला नाही. हात पुसून ती भिंतीवरच्या फोनकडे गेली.

"लोरीन, व्हर्ना बोलतेय. त्याची गाडी माझ्याकडे सुटी पडलीय. तुझी मोटार काढ आणि निघ. बॅग राहू दे. बहिणीकडे पोचल्याशिवाय थांबू नकोस."

रॉस्को ताडकन उठला, बाटली फरशीवर फुटली.

"तुझ्या गाडीची चावी दे."

व्हर्नाने खिशातून चावी काढली, त्याला दाखवली आणि जळक्या तेलाच्या पिंपात टाकली. "घे. हात घाल."

त्याने मूठ उगारली. हुबेहूब बापाची मूठ. व्हर्नाने सगळ्यात लांब पाटा उचलून दोन्ही हातांत धरला.

"ये ना. इथे तळघर नाही, रॉस्को. मी कुठे जाणार?"

तो पुढे आला नाही. लोरीनवर उठणारा हात इथे खाली आला. पायाने पाटे उडवत, शिव्या देत तो रस्त्याला लागला. घर आठ मैलांवर होतं. ऊन मी म्हणत होतं.

तो वळणाआड जाईपर्यंत व्हर्ना पाटा धरून दारात उभी राहिली. मग तिने यू-बोल्टचे नट गोळा केले आणि एकेक करून पिंपात सोडले.