राष्ट्राध्यक्षांचं माप

तुर्गुनबायचा परत तोच निरोप आला. एजे, नवे राष्ट्राध्यक्ष येणार आहेत, चापान शिवायला घ्या. माझं डोकंच फिरलं. मोठ्या पाहुण्याच्या खांद्यावर घालायचा तो मखमली झगा मी मागच्यांसाठी शिवला, त्यांच्याही मागच्यांसाठी शिवला. दोन्ही पेटीत पडलेत. आमच्या डोंगरात यायचं ठरलं की आधीच राजधानीत, बिश्केकच्या चौकात लोक उतरतात आणि साहेब विमानात बसून पळतात. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

तुर्गुनबाय मात्र कुठे जात नाही. तो आमचा आकिम, तालुक्याचा सगळ्यात मोठा साहेब. माझ्या नवऱ्याने त्याला शाळेत शिकवलं, म्हणून मी त्याला अरेतुरे करते, आणि तो मला एजे, म्हणजे ताई म्हणतो. लाल झेंडा होता तेव्हा हा तरुण संघाचा सचिव. झेंडा उतरला, हा लोकशाहीवाला झाला. मग जो येईल त्याच्या पक्षात. वारा येईल तशी पाठ द्यायची, एवढी एकच विद्या मेला मन लावून शिकला.

आणि माझा एर्मेक? त्याला हीच विद्या आली नाही. भर सभेत त्याने कचेरीतली राष्ट्राध्यक्षांची तसबीर भिंतीवरून ओढली. म्हणाला, चोराला भिंतीवर कशाला टांगता? काच फुटली, शिपायाचा हात कापला. तुर्गुनबायने आकिम म्हणून कचेरीच्या वतीने फिर्याद दिली, पोरगं तुरुंगात गेलं. आठवडा उलटतो न उलटतो तोच ते राष्ट्राध्यक्ष पळाले, आणि गावोगाव लोकांनी त्याच तसबिरी पायाखाली तुडवल्या. तुडवणाऱ्यांचे सत्कार झाले. माझं पोर आठवडाभर आधी शहाणं झालं, म्हणून ते आत.

आकिमने फिर्याद मागे घेतली तर सुटका होईल, असं वकील म्हणतो. मी कचेरीचे उंबरठे झिजवले. आधी तुर्गुनबाय म्हणायचा, "एजे, हे मागच्या सरकारचं प्रकरण, जरा निवळू दे." सरकार परत बदललं, तेव्हा म्हणाला, "हे तर मागच्याच्याही मागचं, आता कुठे उकरून काढू?" त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण पोरगं त्याच्या सहीवर अडकलेलं, काय करणार.

या वेळी तो मापाला स्वतःच घरी आला.

"साहेबांची अंगकाठी अगदी माझ्यासारखी आहे, एजे."

"सगळे राष्ट्राध्यक्ष तुझ्याच अंगकाठीचे कसे रे?"

"माझं माप घेतलं की कुणालाही होतं," असं म्हणून तो हसला.

मी जुनाच चापान त्याच्या अंगावर चढवला. हात खाली सोड म्हटलं. मेजवानीला घोडी कुठली कापायची, गाणारे कुठून आणायचे, त्याची बडबड चालू होती. मी दुहेरी दोरा ओवला, पुढची उघडी बाजू शिवली आणि दोन्ही बाह्या अंगाला टाचून टाकल्या.

"एजे, हात हलत नाहीत."

"हलायचे नाहीतच. वकिलाने लिहून दिलेला कागद तो बघ टेबलावर. सही करतोस तर उजवी बाही उसवते."

"हा काय पोरखेळ? लोक वाट बघताहेत."

"बघू देत. मी तीन राज्यं वाट बघतेय."

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर गाडीपाशी ड्रायव्हर आणि कचेरीतले दोघे उभे. पाळण्यात बांधलेल्या तान्ह्यासारखं त्यांच्यासमोर जायची लाज वाटली असणार. "तुमच्यापुढे मास्तरसुद्धा गप्प बसायचे," असं तो पुटपुटला. मी उजवी बाही उसवली, त्याने सही केली.

मला रडू आलं. मी दुसरी बाही आणि पुढची शिवण उसवली, त्याला चहा दिला, वर साय घातली. एर्मेकला आवडतात म्हणून बोर्सोक तळायला आजच कणीक भिजवावी, इथवर माझं मन धावलं. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. फोन ऐकून तो चापानासकट खाली बसला.

"एजे, सकाळीच हुकूम निघालाय. मी आता आकिम नाही."

"मग ही सही?"

"सकाळपासून ती कुणाच्याच कामाची नाही."

"नवा कोण आलाय?"

"बिश्केकचा कुणी आहे. पहिल्यांदा तो म्हणेल, हे मागच्या सरकारचं प्रकरण."

मी सहीचा कागद उचलून उलटसुलट पाहिला. त्याने चहा संपवला, तोंड पुसलं, आणि हळूहळू त्याचा नेहमीचा चेहरा परत आला.

"घाबरू नका. हेही सरकार कितीसं टिकणार? मी येतो परत. आजवर आलो नाही का? कागद जपून ठेवा, तारीख तेवढी बदलू."

चापान अंगातून काढून, नीट घडी घालून तो गेला. ड्रायव्हर गाडी घेऊन आधीच निघून गेला होता, त्यामुळे बिचारा चालत गेला.

संध्याकाळी मी नमाजाला बसले. या माणसाला त्या खुर्चीवरून उठव, म्हणून मी इतकी वर्षं देवाच्या विनवण्या केल्या होत्या. दुवा मागायला हात पसरले, तर तोंडातून निघालं, देवा, तुर्गुनबायला परत आकिम कर. आणि लवकर कर.