फाटकाजवळचा करकरणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि थोडा करकऱ्याही आहे. उजव्या टोकाला कुणी बसलं की मी करकरतो. त्याला माझा इलाज नाही. सुतारदादांनी मला उरल्यासुरल्या लाकडातून जोडलं. तीन पाय एका दाराचे आणि उजव्या टोकाचा चौथा कुठल्याशा कपाटाचा. "बसेल हळूहळू," असं म्हणत त्यांनी चौथ्या पायावर एक थाप मारली. तो काही अजून बसलेला नाही!

आधी मी पहिलीच्या वर्गात होतो. मुलांनी माझ्या पाठीवर कर्कटकानं बदकं कोरली, शाई सांडली, डिंक फासला. खोटं कशाला सांगू, मला मजा यायची. पुढे वर्गात नवे बाक आले आणि माझी रवानगी फाटकाजवळच्या पत्र्याखाली झाली. आता पडा अडगळीत, असं वाटून मला फार वाईट वाटलं होतं. पण माझं खरं काम तिथंच सुरू झालं.

आमच्या शाळेत मोठ्या बाईंनी एक रीत घातली आहे. शाळा सुटली की ज्यांना न्यायला कुणी यायचं असतं, ती लहान मुलं माझ्यावर बसतात. न्यायला येणाऱ्यानंही मुलाशेजारी जरा वेळ बसायचं. मग फाटकावरच्या मावशी मुलाला विचारतात, "काय रे, जायचं ना?" मुलानं हो म्हटलं की त्या कडी काढतात.

सुरुवातीला मोठी माणसं काय वैतागायची! एक आई म्हणाली, "अहो मावशी, गॅसवर दूध ठेवून आलेय मी!"

"बसा हो क्षणभर. दूध उतू गेलं तर पुसता येतं," मावशी म्हणाल्या.

बसल्या बिचाऱ्या. बाबा लोकांची तर फारच गंमत. मी इतका बुटका की बसल्यावर त्यांचे गुडघे हनुवटीला लागतात.

बसलेली मुलं मला बरोबर कळतात. आजोबा आले की नातू त्यांना ढकलून ढकलून जागा करतो. आई आली की मुलगी माझ्यावर बसतच नाही, थेट मांडीवर चढते. रुसलेलं मूल लांब बसतं, पण पाय हलवत राहतं. त्याची काळजी नसते.

दुसरीत एक मुलगी होती. तिला सगळे बडबडीच म्हणायचे, कारण तिच्या तोंडाला खीळ म्हणून नाही. त्या दुपारी ती मावशींना आपला पडलेला दात कसा पडला, कुठं पडला, सगळं रंगवून सांगत होती. इतक्यात तिच्या घराशेजारचे काका आले. तिच्या आईला दुकानात उशीर होणार होता, म्हणून त्यांना पाठवते आहे असा तिचा फोन येऊन गेला होता. सगळं रीतसर होतं. काका हसतमुखानं येऊन माझ्यावर बसले.

बडबडी दाताच्या गोष्टीत मध्येच थांबली. मग ती सरकली. आणखी सरकली. तिचे पाय अजिबात हलत नव्हते. ती पार उजव्या टोकाला गेली आणि मी करकरलो.

मावशींचा हात कडीवर होता, तो तिथंच थांबला. "काय गं, जायचं ना?"

बडबडीनं माझी कड घट्ट धरली.

"लाजते हो ती," काका म्हणाले. "चल गं, उशीर होतोय."

मावशींनी वर्गातल्या बाईंना हाक मारली. बाई आल्या, बडबडीपुढे उकिडव्या बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला यांच्याबरोबर जायचंय का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग नको जाऊस."

काका उठले. "अहो, तिच्या आईनंच पाठवलंय मला! लहान पोरांचं काय ऐकता?"

"त्यांचंच ऐकायला आहोत आम्ही," बाई म्हणाल्या. काका पुटपुटत निघून गेले.

बाईंचा फोन जाताच आई धावतपळत आली. घामाघूम झाली होती आणि चिडलीही होती. "बाई, रोजचे शेजारी आहेत ते. त्यांना काय वाटेल!" असं म्हणत ती माझ्यावर टेकली. बडबडी तिच्या मांडीत शिरली आणि तिच्या गळ्याशी तोंड लपवून बोलली.

"ते सरळ घरी नेत नाहीत. लांब नेतात, तळ्याकडे. मला भीती वाटते. घरी सांगू नकोस म्हणतात."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगत होते. तू म्हणालीस, मोठ्यांबद्दल असं बोलू नये."

आईच्या डोळ्यांना धार लागली. "चुकलं माझं, बाळा. बोल, सगळं बोल. मी ऐकतेय." मला तर वाटलं, आपल्याला हात असते तर दोघींना कवेत घेतलं असतं. पुढं जे करायचं ते मोठ्यांनी केलं. मोठ्या बाईंनी पोलिसांना कळवलं. साध्या कपड्यातल्या एक पोलीसताई येऊन बडबडीशी शांतपणे बोलल्या. ते काका पुन्हा कधी फाटकाशी दिसले नाहीत.

परवा सुतारदादा आले होते. मला नवा रंग दिला, खिळे ठोकले. चौथ्या पायाकडे वळले तशी बडबडी ओरडली, "दादा, त्याला हात नका लावू!" तो पाय राहिला.

मित्रांनो, मला ओरखडू नका, पावसात भिजत ठेवू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. कुणाजवळ बसावंसं वाटलं नाही तर खुशाल सरका, पार टोकापर्यंत. आणि आपल्या माणसाला सांगा. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा.

बघा, घंटा झालीच. बडबडीची आई हल्ली कुणी न सांगता येऊन बसते. बडबडी तिला रेलून, पाय हलवत, नव्या दाताची गोष्ट सांगते आहे. दोघी अगदी मधोमध बसल्या आहेत, आणि मी मुळीच करकरत नाही.