नव्वदाव्या दिवसाचा फोन

हॉस्पिटलच्या भाविका सिस्टर आज शेवटचा फोन करणार होत्या आणि मी सकाळपासून खोटं बोलायची तयारी करत होतो. मी, कमलाकर, वय सत्तर. न्हावा शेव्याच्या बंदरात उभा जन्म मालाचे कागद तपासले, खोटं लिहिणाऱ्यांना दारातूनच परत धाडलं.

तीन महिन्यांपूर्वी पनवेलच्या भाजीबाजारात दोडके निवडता निवडता माझी उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून मेंदूतली गुठळी ओढून काढली. मग त्याच नळीतून आणखी एक औषध सोडलं, बारीकसारीक गुठळ्या उरल्या असतील तर विरघळाव्यात म्हणून. हे औषध अजून परीक्षेला बसलेलं आहे. निम्म्यांना देतात, निम्म्यांना नाही, आणि नव्वदाव्या दिवशी विचारतात, आता कसे आहात. चिठ्ठी माझ्या नावाची निघाली होती.

माझा मुलगा इंद्रजीत कॅनडात असतो. संमती त्याने फोनवर दिली, मग आला, आठ दिवस राहिला. "बाबा, हातपाय चालले नाहीत तर मी सगळं सोडून येईन," म्हणाला आणि गेला. डोंबल, चालले ना! महिन्याभरात चालले. आता तो रविवारी फोन करतो, तोही आठवण राहिली तर.

ही गेल्यापासून करंजाड्याच्या या फ्लॅटमध्ये माझे दोन-दोन दिवस तोंड न उघडता जातात. घर खायला उठतं. या वयात पोरासाठी रडू येतं याची लाज वाटते, पण येतं त्याला काय करू? म्हणून ठरवलं होतं, सांगायचं की आंघोळीलासुद्धा माणूस लागतो. हॉस्पिटलवाले इंद्रजीतला कळवतील. मग त्याला यावंच लागेल.

अकराला फोन आला.

"काका, आंघोळ, कपडे, जेवण? कुणाची मदत लागते का?"

शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर असलेले, मोरा गावचे बुधाजी आठवले. त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली नव्हती. दहा माणसं भोवती, आणि बुधाजी प्रत्येकाला नुसतं "हाय, हाय" म्हणायचे. दुसरा शब्दच उरला नव्हता. पुढच्या बुधाजींना हे औषध द्यायचं की नाही, ते आमच्यासारख्यांच्या उत्तरांवरच ठरणार. आणि मी तिथे खोटा कागद घुसवणार होतो. थू माझ्या जिंदगानीवर.

"नाही लागत. सगळं मीच करतो," मी म्हणालो.

"बाहेर जाणं?"

"एकटाच जातो."

"अरे वा, काका. रात्री सोबतीला कुणी?"

"कुणी नसतं."

"छानच की. मग 'कोणाचीही गरज नाही' असं लिहू ना?"

 

"लिहा," मी म्हणालो.