तिघांचं एकच उत्तर

पाळक व्हावं तर काशीरामनेच, हे पनवेलच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. तो मूळचा करंज्याचा, पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकणारा. पण कोणाच्या घरी मयत झालं की लोक आधी त्याला बोलावत. पाळकसाहेब पेणहून महिन्यातून एकदा येत, तोवर दफन उरकलेलं असे. १९५३ साली मिशनने ठरवलं, की ईश्वरविज्ञानाची परीक्षा पास होईल त्या स्थानिक माणसाला पाळकाची दीक्षा द्यायची. अट एकच, वय पन्नाशीच्या आत. काशीरामला पन्नासावं लागलं होतं.

आम्ही तिघं अभ्यासाला बसलो. मी शाळामास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर जगन आणि काशीराम. पुस्तक एकच, तेही माझ्याकडे. दर शनिवारी दुपारी प्रार्थनाघरात चटई टाकून मी वाचायचो, उत्तर तयार करायचो आणि पाढे घ्यावेत तसं दोघांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचो. दुसरी कुठली पद्धत मला येतच नव्हती. चौथीच्या पोरांना मी असंच शिकवत होतो.

'देव दुःख का देतो?' या प्रश्नाला मात्र काशीराम अडला. त्याची मुलगी मैना मोरा बंदराच्या धक्क्यावरून पडून बुडाली होती.

"मास्तर, का देतो ते मना ठाव नाय," तो म्हणाला. "पन मी रडत व्हतो तवा तो माज्या बाजूला बसला व्हता. येवडंच लिवलं तर?"

"याला गुण नाहीत," मी म्हणालो. "पुस्तकात तीन कारणं दिलीत, ती म्हण."

त्याने म्हटली. शंभरदा म्हटली. त्याची बायको भामा सांगायची, मासळी वाळत घालतानासुद्धा याचे ओठ हलत असतात. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

परीक्षेनंतर महिन्याभराने समितीने आम्हा तिघांना बोलावलं. टेबलावर तीन पेपर शेजारीशेजारी मांडलेले. शब्दाला शब्द तोच. एका वचनाचा अध्याय मी चुकीचा पढवला होता, ती चूकसुद्धा तिन्हीकडे.

"ही वाक्यं कोणाची?" अध्यक्षांनी विचारलं.

"मास्तरांची," काशीराम लगेच म्हणाला. त्याला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

"म्हणजे यांच्या पेपरातली?"

काशीराम गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी एवढंच बोलायचं होतं, की साहेब, मीच यांच्याकडून पाठ करून घेतलं, कोणी कोणाचं बघितलं नाही. पण बोललो तर आपणही नापास होऊ, अशी भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर ती नुसती भीती नव्हती. पाळकाचा झगा मलाही हवा होता. मी मूग गिळून बसलो. जगनला मिशनच्या दवाखान्यातली नोकरी टिकवायची होती, तो जमिनीकडे बघत राहिला.

नक्कल केली म्हणून ते दोघं बाद झाले. मी पास. बाहेर आल्यावर वाटलं, आता काशीराम माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

"सायबांचं बराबर हाय," काशीराम म्हणाला. "माजं काय व्हतं त्यात? समदं तुमचंच व्हतं. चोरीच ती."

पुढच्या वर्षी त्याची पन्नाशी उलटली आणि मला दीक्षा मिळाली.

पाळक म्हणून माझ्या पहिल्या प्रभुभोजनाला भाकरीचे तुकडे ताटात घेऊन मी रांगेपुढून फिरत होतो. काशीराम आणि भामा शेजारीशेजारी गुडघे टेकून होते. त्याने हात मागे बांधले होते.

"घे," मी हळूच म्हणालो.

"मना नको, मास्तर. पाप केलेल्यानं घ्यायचं नसतं."

पाप कोणाचं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सगळी मंडळी समोर होती. मी भामाच्या हातावर तुकडा ठेवला आणि ताट घेऊन पुढच्या माणसाकडे गेलो.