साडेचारशेवर अडकलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. वाटीएवढा गोल, काळ्या तबकडीचा, एका काट्याचा. मला पुढे तोंड आणि मागे दोन तारा; तारांच्या टोकाला धुरात खुपसायची सळई. डिझेल ट्रकच्या इंजिनातून निघणारा धूर किती तापला आहे, ते ड्रायव्हरला दाखवायचे, एवढेच माझे काम. आता मी एका गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. येणारा-जाणारा माझ्याकडे बघतो, आणि दरवेळी मला वाटते, तोंड भिंतीकडे करून टांगले असते तर बरे झाले असते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसे आठवत नाही. आठवतो तो डोंगरावरच्या एल आल्तो शहराचा बाजार. ताडपत्रीवर जुन्या पान्यांच्या शेजारी मी पडलो होतो. तिथून मला तोमासाने उचलले. तिचा नवरा कासियानो यापू खालच्या गरम खोऱ्यातून संत्री भरायचा आणि घाट चढून ला पास शहरात आणायचा. वर हवा इतकी विरळ, की माणसालाच काय, इंजिनालाही धाप लागते. मग ड्रायव्हर पाय आणखी दाबतो, धूर आणखी तापतो आणि शेवटी धुराच्या झोताने फिरून इंजिनात हवा कोंबणारा टर्बो वितळतो. कासियानोचा एक टर्बो असा गेला होता. दुसरा गेला तर ट्रक विकावा लागेल, हे तोमासाला पक्के ठाऊक होते.

मला बसवले नीवेसने. ला पासच्या विल्या फातिमा भागात तिचे गॅरेज होते आणि कासियानोच्या मुलीची ती मानलेली आई होती. म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा, ती त्याला कोम्पाद्रे.

"सळई टर्बोच्या पलीकडे बसवा की कोमाद्रे, सोपं पडेल," कासियानो म्हणाला.

"पलीकडे धूर निवलेला असतो, तिथे बसवली तर मीटर तुम्हाला आवडेल तेच सांगेल. अलीकडेच बसवायची."

सळईसाठी धुराच्या नळीला भोक पाडायला तिने ड्रिलला ग्रीस फासले. थोडे भोक पाडायचे, ड्रिल बाहेर काढायचे, ग्रीसला चिकटलेला लोखंडाचा चुरा पुसायचा, पुन्हा ग्रीस लावायचे. मग आटे पाडले, तेही तसेच थांबत थांबत. शेवटी भोकात लोहचुंबक फिरवले.

"अहो, भोक पाडायचंय, दात नाही काढायचा!"

"दात काढला तर एक दात जाईल. चुरा आत राहिला तर टर्बो जाईल. गप उभे राहा."

मला दर्शनी फळीवर बसवून तिने माझी पाठ चाचपली. मागे बसणारी, ओल अडवणारी रबरी रिंग हरवलेली होती आणि कार्निव्हलमुळे दुकाने बंद झाली होती.

"सण झाला की या, रिंग घालून देते. उद्या काय ओतायचं ते चाकांवर ओता. याच्यावर एक थेंबही नको."

"बरं आई," कासियानो म्हणाला आणि सगळे हसले.

दुसरा दिवस कार्निव्हलच्या मंगळवारचा. त्या दिवशी घर, दुकान, ट्रक, जे जे पोटाला घालते त्याला बिअर पाजायची, ही तिथली रीत. ट्रकला रंगीत कागदी पट्ट्या बांधल्या, फुलांच्या पाकळ्या उधळल्या. आधी पाचामामाचा, म्हणजे धरतीमातेचा, मान म्हणून जमिनीला चार थेंब दिले, मग चाकांना, मग इंजिनाला. मधल्या बाटल्या अर्थात कासियानोच्या पोटात गेल्या. शेवटी त्याची नजर माझ्यावर पडली.

"हा बिचारा कोरडाच राहिला की गं!"

"अहो, कोमाद्रेने नको म्हटलंय ना?" तोमासा म्हणाली.

"ती मेकॅनिक आहे. पाचामामाला ती काय शिकवणार? घरात नवा आलाय आणि त्यालाच उपाशी ठेवू?"

त्याने बाटली खळखळ हलवली, तोंडावर अंगठा धरला आणि फेसाची धार माझ्यावर सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला सांगू, मलाही मोठा मान मिळाल्यासारखे वाटले. फेस मात्र मागच्या फटीतून माझ्या पोटात उतरत होता.

पुढचे काही दिवस माझे फार कौतुक झाले. उंदुआवीला ड्रायव्हर लोक सूप प्यायला थांबतात, तिथे कासियानो ज्याला त्याला ओढत आणून मला दाखवायचा. रिंगेसाठी मात्र तो आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. माझ्या पोटात बिअर सुकत होती, चिकट होत होती.

एके दुपारी संत्र्यांनी खच्चून भरलेला ट्रक घाट चढत होता. माझा काटा साडेचारशे अंशांपर्यंत गेला आणि तिथेच चिकटला. धूर तापत गेला, पाचशे, सहाशे, सातशेच्याही वर. मला ते कळत होते आणि काटा जागचा हलत नव्हता.

"कसला तरी वास येतोय हो," तोमासा म्हणाली.

"मीटर बघ ना. साडेचारशे! अजून खूप वाव आहे." आणि त्याने पाय आणखी दाबला.

घाटमाथा समोर दिसत असताना शिट्टीसारखा आवाज झाला, पांढरा धूर उसळला आणि ट्रक बसला.

ट्रक ओढत उंदुआवीला आणला. निरोप मिळताच नीवेस हातातले काम टाकून धावत आली. कासियानोने मला तारांसकट उपटले आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर तिच्यावर ओरडला. एरवी तिला अहो-जाहो करणारा तो एकदम एकेरीवर आला.

"चुरा आत सोडलास तू! माझ्या पोरीची आई म्हणवतेस, आणि माझ्याच पोटावर पाय दिलास!"

"कोम्पाद्रे, आधी टर्बो उघडून बघा. मग बोला."

"कोण उघडणार? तू?"

मला सीटखाली भिरकावण्यात आले. त्या रस्त्यावर बातमी ट्रकपेक्षा आधी पोचते. नीवेस चुरा सोडते, असे जो तो म्हणू लागला आणि तिच्या दारात ट्रक लागेनासे झाले.

टर्बो उघडला एल आल्तोच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने. "चुऱ्यानं खाल्लेलं पातं कुरतडल्यासारखं दिसतं. हे वितळलंय. मीटर नव्हता का?"

"होता. साडेचारशे दाखवत होता."

"आण बघू."

कासियानोने मला सीटखालून काढले. कितीतरी दिवस मी गार पडून होतो, तारा तुटलेल्या, तरी माझा काटा साडेचारशेवरच होता. म्हाताऱ्याने माझे झाकण उघडले, वास घेतला आणि वर पाहिले.

"याला बिअर कुणी पाजली?"

कासियानोचे कान लाल झाले. तोमासाने त्याच्याकडे नुसते बघितले.

उधारीवर जुना टर्बो बसवून ट्रक कसाबसा वाचवला, आणि मग तो मला खिशात घालून नीवेसकडे गेला. मान खाली घालून सगळे सांगितले. ती हात पुसत ऐकत होती.

"मला काय सांगताय कोम्पाद्रे? मी चुरा सोडला नव्हता, हे मला ठाऊकच होतं. जिथे बोललात तिथे जाऊन सांगा."

तो उंदुआवीला गेला. सूप मागवले, प्यायले, उठून आला. पुन्हा गेला, पुन्हा तसाच आला. मी त्याच्या खिशात असायचो. तिथे तो हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि माझा जीव नुसता गुदमरायचा. मग एका दुपारी कुणी नवा ड्रायव्हर मीटर कुठे बसवून घ्यावा, असे विचारू लागला.

"कुठेही जा, त्या नीवेसकडे तेवढा जाऊ नकोस," एकजण म्हणाला. "खोटं वाटत असेल तर या कासियानोला विचार."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याचा चमचा हातातच राहिला. त्याने मला खिशातून काढून ताटांच्या मध्ये ठेवले.

"चुरा नव्हता," तो म्हणाला. "बिअर होती. मी ओतली. तिने नको म्हटलं होतं."

कुणीतरी फिसकन हसले. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने विचारले, "मग इतके दिवस का नाही बोललास?"

कासियानोने मला उचलले आणि तो थेट नीवेसच्या गॅरेजकडे निघाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना ओलाव्यापासून जपा, असे मी सांगायला हवे, आणि सांगतोच. पण मीटर काय, दुसरा मिळतो. बिघाड झाला की आधी झाकण उघडून बघा, मगच कुणाचे नाव घ्या, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

नीवेसने मला आपल्या भिंतीवर टांगले. ट्रक परत येऊ लागले आहेत. पूर्वी लोक किल्ली तिच्या हातात देऊन जेवायला निघून जायचे. आता ती ड्रिल हातात घेते तेव्हा ते तिच्या खांद्यामागे उभे राहून बघतात. ती खुर्ची पुढे करते, "बसा ना," म्हणते. "नको, उभाच बरा," ते म्हणतात. कासियानो तेवढा येतो, तिच्या हातात किल्ली देतो आणि सगळ्यांना दिसेल असा, ट्रककडे पाठ करून त्या खुर्चीवर बसतो. बाकीचे अजून उभेच असतात.