खिडकीत कोंबलेली पोती

दिवाळीत आमच्या मालकांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं. इंदापूरच्या थोरल्या वन्सं, रंगुबाई, लगोलग आल्या आणि हुकूम सोडला, "माझ्या भावाला परत वारं लागता कामा न्हाय." खिडकीत पोती कोंबली, दार लोटलं, अंगावर घोंगडं. चैत्र आला तरी तेच. मी बोलले तर आमचा ज्ञानेश म्हणतो, "आत्याचं ऐक की. आबांनाबी लोकांनी तोंड बघितलेलं आवडत न्हाय."

परवा मालक मोरीत जाताना पडता पडता वाचले, म्हणून बारामतीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "व्हिटॅमिन डी फार कमी आहे. यांना ऊन मिळत नाही."

माझं डोकंच फिरलं. "अवो बाई, ह्या माणसाचा जल्म पणदऱ्याच्या उन्हात गेला. उसाला पाणी दिऊन कातडं करपलं. आन् तुमी म्हंता ऊन न्हाय?"

"ते जन्मभर पुरत नाही, आजी. दिवाळीपासनं कुठं होते?"

ज्ञानेश खाली बघायला लागला.

"औषध देते. त्यानं हात परत येईल असं मी म्हणत नाही. पण हाडं ठिसूळ होऊन पडले आणि खुबा मोडला, तर उठणंच संपेल. सकाळचं ऊन द्या."

गाडीत मी लेकाला सोडला नाही. "डाळिंबाला ऊन जास्त झालं की कापड घालतोस, कमी पडलं की फांद्या छाटतोस. आन् बाप? आंब्यावानी आढीत घातलाय व्हय पिकायला?"

घरी आल्या आल्या पोती उपसून उकिरड्यावर फेकली. सकाळी दोघांनी धरून मालकांना अंगणात बाजेवर बसवलं. डेअरीला निघालेली माणसं दिसताच त्यांनी डाव्या हातानं टॉवेल तोंडावर ओढला. मी काढला. त्यांनी परत ओढला.

"नवी नवरी हाय का तुमी?"

तेवढ्यात इंदापूरनं वन्सं आल्या. ज्ञानेशनंच रात्री फोन केला असणार. "बने! मारायचाय का माझा भाऊ?" म्हणत त्यांनी घरातनं घोंगडं आणलं आणि मालकांना डोक्यापासनं गुंडाळलं.

"सोडा ते, वन्सं."

"तुला काय कळतंय? दुसरी तरी शिकलीस का?"

"न्हाय शिकले. पर माणूस आन् आंबा येगळा, एवढं कळतंय!"

आमची अशी जुंपली की डेअरीची माणसं किटल्या घेऊन रस्त्यातच थांबली. आणि घोंगडं हललं. आतनं डावा हात आला, चाचपडला, कानापाशी अडकला. ज्ञानेश पुढं झाला, त्याचं मनगट मी धरून ठेवलं. घोंगडं खाली पडलं, त्याबरोबर टॉवेलही. वाकडं तोंड, हनुवटीवर लाळ, समोर सगळा रस्ता.

"आक्का," मालक म्हणाले, "उकडतंय."

वन्सं मटकन बाजेवर बसल्या. मी रस्त्याकडं वळले.

"काय बघताय रं? दूध नासंल. आन् उद्यापासनं हितनं जाताना ह्येंना रामराम घाला. तोंड चुकवून गेला त्याची किटली मी वतून दीन!"